बांध फुटला नाही, याची नोंद कोण ठेवतं?

जून २०२३. मडकईत पावसाने जोर धरला होता. सकाळी उठून मोबाईल बघतो तर कॅनडातल्या मिसिसागाहून भाच्याचा मेसेज: 'मामा, कार्लसनलाच मिळाली! १०१ पॉइंट्स! आता तरी मान्य कर, बचावपटूंत तोच सर्वोत्तम.'

भाचा तिथेच वाढला. गोव्यातून जाऊन टोरांटोच्या आसपास स्थायिक झालेली घरं पुष्कळ आहेत, आणि तिथल्या मुलांना बर्फावरच्या हॉकीचं वेड लागणं साहजिकच. त्याच्यामुळे ते मलाही लागलं. आपल्याकडे बर्फ दिसतो तो मालीमच्या जेटीवर, मासळीच्या पेट्यांत. भारतात हा खेळ रुजला आहे तो लडाखमध्ये. पण गावच्या संघातून पंधरा वर्षं फुल-बॅक खेळलेल्या माणसाला आइस हॉकीतला बचावपटू ओळखीचा वाटायला वेळ लागत नाही.

कार्लसन म्हणजे एरिक कार्लसन, तेव्हा सॅन होजे शार्क्सकडून खेळणारा स्वीडिश बचावपटू. त्याला मिळाली ती जेम्स नॉरिस ट्रॉफी. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूला ती १९५४ पासून दिली जाते आणि विजेता हॉकीवर लिहिणारे पत्रकार मतदानाने ठरवतात. कार्लसनने ८२ सामन्यांत २५ गोल केले आणि ७६ गोलांसाठी पास दिले. बेरीज १०१. त्याच्या संघाने मात्र त्या ८२ पैकी २२ सामनेच जिंकले.

मी भाच्याला लिहिलं, की बचावपटूचं काम गोल होऊ न देणं. मग बक्षीस गोल करण्याबद्दल का? त्यावर त्याचं उत्तर सरळ होतं: 'बरं, मग तुझा माणूस कोण? आणि त्याचा आकडा काय?' माझ्याकडे माणूस होता, आकडा नव्हता. न झालेल्या गोलाचा आकडा आणायचा कुठून? तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे आहे, आणि जे समजलं ते इथे मांडतो.

आधी खेळ थोडक्यात. मैदानाला रिंक म्हणतात. २०० फूट लांब, ८५ फूट रुंद, कडेने उभ्या फळ्या. चेंडूच्या जागी ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची कडक रबरी चकती, तिला पक म्हणतात. एका वेळी प्रत्येक संघाचे सहाजण बर्फावर असतात: एक गोलरक्षक, तीन आघाडीचे, दोन बचावपटू. दमछाक इतकी, की पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून खेळाडू बाकावर येतो आणि खेळ न थांबता दुसरा उतरतो. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा. संघाचा पहिल्या प्रतीचा बचावपटू त्यातली पंचवीसेक मिनिटं बर्फावर काढतो. दोन निळ्या रेषा रिंकचे तीन भाग करतात: आपला, मधला आणि त्यांचा. ही निळी रेषा लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं तिच्यापाशीच घडतं.

पॉइंटचा नियम सोपा. गोल करणाऱ्याला एक पॉइंट, आणि गोलाआधी ज्या दोघांनी पक पुढे दिला त्यांनाही प्रत्येकी एक. म्हणजे एका गोलाचे जास्तीत जास्त तीन पॉइंट वाटले जातात. बचावपटूची अडचण इथूनच सुरू होते. समजा त्याने आपल्या टोकाला पक उचलून सहकाऱ्याला दिला, सहकाऱ्याने तिसऱ्याला, आणि त्या तिसऱ्याने चौघांना चकवून गोल केला. पहिल्या साध्या पासलाही एक पॉइंट. दुसऱ्या दिवशी तसाच पास दिला आणि पुढे काही घडलं नाही, तर शून्य. काम तेच, मोबदला दुसऱ्याच्या हातात.

त्यात पॉवर प्ले आहे. हा क्रिकेटमधला पॉवर प्ले नव्हे. इथे नियम मोडणारा खेळाडू दोन मिनिटं शिक्षेच्या खोक्यात जाऊन बसतो आणि तेवढा वेळ त्याचा संघ एकाने कमी असतो. समोरचा संघ मग आपले सर्वांत कुशल हात बर्फावर उतरवतो, आणि त्यांत एक आक्रमक बचावपटू निळ्या रेषेच्या मध्यावर उभा राहून पक इकडून तिकडे फिरवतो. पॉइंट मिळवायची याहून सुपीक जागा रिंकवर नाही. ती कोणाला द्यायची हे प्रशिक्षक ठरवतो. म्हणजे दोन बचावपटूंच्या पॉइंटांत वीसचा फरक दिसला, तर तो कौशल्याचा की जागेचा, हे आधी पाहायला हवं.

आपल्याला हे फुटबॉलवरून चटकन पटावं. धेंपो क्लबने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीन वेळा आय-लीग जिंकली. त्या संघातल्या रँटी मार्टिन्सचे गोल आजही लोक सांगतात. महेश गवळी आणि समीर नाईक मागे उभे होते म्हणून जे गोल झाले नाहीत, ते कोण सांगतं? सांगायला काही घडलेलंच नसतं. फुटबॉलमध्ये निदान एवढं बरं, की मागच्या बॅकला गोलांवरून कोणी तोलत नाही. आइस हॉकीत बचावपटूही भरपूर पॉइंट मिळवू शकतो, म्हणून तुलनेचा मोह होतो, आणि तुलना एकदा सुरू झाली की ज्याचा आकडा छापलेला आहे तो पुढे जातो.

क्रिकेटने या बाबतीत फार आधी शहाणपणा दाखवला. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णींनी ३२ षटकं टाकली, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्यांत सलग २१ निर्धाव षटकं. बळींच्या रकान्यात शून्य असूनही ही कामगिरी साठ वर्षांनंतर आपण सांगतो, कारण धावफलकात निर्धाव षटकांसाठी रकाना होता. कोणीतरी तो आखून ठेवला होता म्हणून न झालेल्या धावांची नोंद राहिली. हॉकीच्या धावफलकात तसा रकानाच नव्हता.

तरीही एके काळी मत देणाऱ्यांना हे दिसलं होतं. १९८२ मध्ये रॉड लँगवे नावाचा बचावपटू मॉन्ट्रियलहून वॉशिंग्टन कॅपिटल्स संघात आला. त्याच्या आधीच्या हंगामात त्या संघावर ३३८ गोल झाले होते. तो आला त्या हंगामात २८३ झाले, आणि त्याच्या पुढच्या हंगामात २२६. दोन वर्षांत शंभराहून जास्त गोल कमी. हे एकट्याचं काम नाही, पण संघ कोणाभोवती उभा राहिला हे सगळ्यांना दिसत होतं. १९८३-८४ मध्ये लँगवेचे पॉइंट होते ३३. त्याच हंगामात एडमंटनच्या पॉल कॉफीचे १२६. बचावपटू दोघेही. नॉरिस मिळाली लँगवेला, आणि तीही सलग दुसऱ्यांदा. त्याच्यानंतर आजपर्यंत इतक्या कमी पॉइंटांवर ही ट्रॉफी कोणालाच मिळालेली नाही. स्कॉट स्टीव्हन्ससारखा बचावपटू, ज्याच्या बाजूने पक घेऊन जाताना भलेभले बिचकायचे, तो बावीस हंगाम खेळला आणि नॉरिसविना निवृत्त झाला.

एक गोष्ट मला अजून खटकते. आघाडीच्या खेळाडूंपैकी बचावात सर्वोत्तम कोण, यासाठी एनएचएलने १९७८ पासून सेल्की ट्रॉफी सुरू केली. बॉब गेनीने ती पहिली चारही वर्षं जिंकली. म्हणजे ज्याचं मुख्य काम हल्ला, त्याने बचाव केला तर त्याचं वेगळं कौतुक झालं. पण ज्याचं मुख्य कामच बचाव, त्याच्या बचावासाठी त्यानंतर कित्येक दशकं स्वतंत्र रकाना नव्हता.

न झालेले गोल मोजायचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे प्लस-मायनस. १९५० च्या दशकात मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने तो स्वतःपुरता सुरू केला, आणि १९६७-६८ पासून एनएचएलने तो अधिकृत केला. कल्पना दुकानाच्या जमाखर्चासारखी. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघाने गोल केला तर तुमच्या खात्यात एक जमा, समोरच्याने केला तर एक खर्च. पॉवर प्लेवर केलेले गोल यातून वगळतात, कारण तेव्हा लढत समसमान नसते. वर्षअखेर बाकी काढायची.

कल्पना चांगली, पण खातं सामायिक आहे. बर्फावरच्या पाचही जणांना तीच जमा आणि तोच खर्च. गोलरक्षकाच्या हातून सोपा पक निसटला तरी भुर्दंड पाचांनाही. तुम्ही बाकावरून नुकते उतरलात, पाय अजून बर्फावर टेकतो न टेकतो तोच मागे गोल झाला, तरी तुमच्या नावावर. सामन्याच्या शेवटी पिछाडीवरचा संघ गोलरक्षक काढून सहावा हल्लेखोर आणतो, तेव्हा मोकळ्या जाळ्यात गेलेला गोलही हिशेबात धरतात. कमकुवत संघातला उत्तम बचावपटू वजाबाकीत जातो आणि बलाढ्य संघातला सामान्य माणूस अधिकात.

कार्लसनचं त्या वर्षीचं प्लस-मायनस होतं उणे २६. मी हा आकडा विजयाने भाच्याच्या तोंडावर फेकला होता. आज कबूल करतो, की तो वार चुकीच्या जागी होता. २२ सामने जिंकणाऱ्या संघात रोज सर्वाधिक वेळ बर्फावर असणाऱ्या माणसाचं खातं उणेच निघणार. शिवाय त्याच्या १०१ पैकी बहुतेक पॉइंट समसमान खेळाडू असतानाचे होते, पॉवर प्लेच्या सुपीक जागेतले नव्हते. म्हणजे पॉवर प्लेबद्दल मी वर जी तक्रार केली, ती निदान त्याला लागू पडत नाही.

मग लोकांना वाटलं, बचावाची कामंच थेट मोजू. किती फटके अंगावर घेऊन अडवले, किती वेळा समोरच्याला अंगाने धडक दिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एनएचएल हे आकडे नोंदवते, आणि अंगावर फटका घेणाऱ्याचं धैर्य खरंच मोठं असतं. पण जरा विचार करा. फटका अडवायची वेळ कोणावर येते? ज्याच्या दारात हल्लेखोर आधीच येऊन पोचले आहेत त्याच्यावर. धडक कोणाला देता येते? ज्याच्याकडे पक आहे त्याला. म्हणजे पक तुमच्या संघाकडे नाही. ज्याच्या नावावर असे आकडे डोंगराएवढे, तो पुष्कळदा संकटात सापडलेला असतो. शूर, पण संकटात.

इथे मला आमच्या खाजनाची आठवण येते. मडकई, दुर्भाट या भागातली शेतं खाडीच्या पातळीच्या खाली आहेत. मातीचा बांध खारं पाणी बाहेर रोखून धरतो आणि मानशीची दारं भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर सोडतात. बांधाला भगदाड पडलं की सारा गाव धावतो, रात्रभर माती टाकतो, आणि त्या रात्रीच्या गोष्टी पुढे वर्षानुवर्षं सांगितल्या जातात. पण ज्या बांधाची वेळेवर डागडुजी झाली, ज्याला खेकड्यांनी पाडलेली भोकं कोणीतरी ओहोटीच्या वेळी मुकाट बुजवली, त्याची गोष्ट नसते. तिथे नुसतं भात पिकतं. फटके अडवणं म्हणजे भगदाडावर माती टाकणं. चांगला बचाव त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

तो आधीचा बचाव दिसतो कसा, हे नीट सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे.

समोरचा आघाडीपटू पक घेऊन वेगात तुमच्या निळ्या रेषेकडे येतो आहे. तुम्ही मागे सरकत आहात, तोंड त्याच्याकडे. पहिला प्रश्न अंतराचा. फार लांब राहिलात तर तो आरामात रेषा ओलांडून आत येईल. फार जवळ गेलात तर एका हुलकावणीत तुमच्या पाठीमागे. हॉकीतले लोक या अंतराला गॅप म्हणतात, आणि बचावपटूची अर्धी विद्या त्यात आहे. उत्तम बचावपटू मधल्या पट्ट्यातच ते अंतर कमी करत आणतो, आणि निळ्या रेषेपाशी समोरच्याला दिसतं की आता जागा नाही.

दुसरा प्रश्न कोनाचा. रिंकचा मधला भाग धोक्याचा, कडा निरुपद्रवी. म्हणून बचावपटू स्वतः आतल्या बाजूला राहून हल्लेखोराला फळीकडे ढकलत नेतो. पायांनी आणि स्टिकच्या टोकाने, अंगाला स्पर्शही न करता. गावच्या मैदानावर आम्हाला एक म्हातारे गुरुजी शिकवायचे, 'विंगरला कॉर्नरच्या झेंड्याकडे धाड, तिथे त्याला झेंड्याशिवाय कोणी भेटत नाही.' तेच हे. फळीपाशी नेलेला हल्लेखोर लांबून फटका मारेल, तो गोलरक्षकाला सोपा. कोणाच्या खात्यात काही जमा होणार नाही.

तिसरा प्रसंग, दोन हल्लेखोर आणि एकटा बचावपटू. नवख्याला वाटतं, पकवाल्यावर झेप घ्यावी. पक्का खेळाडू तसं करत नाही. तो दोघांच्या मध्ये राहतो, स्टिक बर्फावर आडवी धरून पासची वाट बंद करतो, आणि पकवाल्याला गोलरक्षकावर सोपवतो. गोलरक्षकाला ठाऊक असतं की पास येणार नाही. त्यामुळे तो पुढे सरसावून फटक्याचा कोन अडवू शकतो. फटका अडला तर टाळ्या गोलरक्षकाला. न गेलेल्या पासचं श्रेय कागदावर कुठेच येत नाही.

आणि चौथी गोष्ट, जिने माझं मत सर्वांत जास्त बदललं: पक हाती आल्यावरचा पहिला पास. समोरच्या संघाने पक तुमच्या मागे कोपऱ्यात फेकला आहे, तुम्ही पाठमोरे धावत तो उचलता, मागे दोघे चालून येताहेत. घाबरून पक फळीवर आदळून बाहेर काढला तर तो परत त्यांच्याकडे, आणि पुढची मिनिटभर तुमच्या दारात गर्दी. शांत डोक्याने एका पासमध्ये तो सहकाऱ्याकडे गेला तर संकट सुरू होण्याआधीच संपलं. हा पास बचाव की हल्ला?

या सगळ्याला आकडा द्यायची सुरुवात अनपेक्षित ठिकाणाहून झाली. बफेलो संघाचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कोर्सी आपल्या गोलरक्षकावर किती ताण पडतो हे पाहण्यासाठी केवळ जाळ्याकडे आलेले फटके न मोजता हुकलेले आणि वाटेत अडलेलेही मोजत असत. त्यांच्या नावावरून पुढे 'कोर्सी' हे माप रूढ झालं: एखादा खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने एकूण किती फटक्यांचा प्रयत्न केला आणि समोरच्याने किती. गोल दुर्मीळ असतात, नशिबाचा वाटा मोठा. फटक्यांचे प्रयत्न पुष्कळ होतात, म्हणून चित्र लवकर स्थिर होतं. पुढे त्यात सुधारणा झाली. प्रत्येक फटक्याला अंतर, कोन, प्रकार पाहून गोल होण्याची शक्यता दिली, म्हणजे लांबून मारलेला निरुपद्रवी फटका आणि जाळ्यासमोरून मारलेला फटका सारखे धरले जाईनात. याला अपेक्षित गोल म्हणतात; फुटबॉल पाहणाऱ्यांना हा शब्द आता परिचित आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अ या बचावपटूचे हंगामात ६५ पॉइंट, त्यांतले ३० पॉवर प्लेवरचे. ब चे २४, पॉवर प्लेवर एकही नाही. वर्तमानपत्रात अ चा फोटो. आता समसमान खेळाडू असतानाचा हिशेब मांडू. अ बर्फावर असताना संघाचे अपेक्षित गोल ७०, विरोधकांचे ७४. ब असताना संघाचे ५२, विरोधकांचे ४०. अ जे देतो त्याहून चार जास्त घालवतो. ब बारा वाचवून ठेवतो. पण इथेही थांबायचं नाही. ब समोरच्या संघाच्या सर्वांत तगड्या आघाडीपटूंविरुद्ध खेळला की दुय्यम? त्याचा जोडीदार कोण होता? प्रशिक्षक त्याला आपल्या गोलासमोर खेळ सुरू होताना उतरवायचा की त्यांच्या? अ ला मुद्दाम जोखीम घ्यायला सांगितलं होतं का? हे प्रश्न न विचारता अपेक्षित गोल फेकणं म्हणजे पॉइंट फेकण्याचीच नवी तऱ्हा. आणि अ च्या पॉवर प्लेवरच्या ३० पॉइंटांनीही सामने जिंकले असतीलच. तेही पुसून टाकता येत नाहीत.

निळ्या रेषेवरचा अभ्यास मला या सगळ्यात जास्त मोलाचा वाटतो. हल्लेखोर रेषा दोन प्रकारे ओलांडतात: पक ताब्यात ठेवून, किंवा पक आत फेकून मग त्याच्या मागे धावत. एरिक टल्स्की या रसायनशास्त्राच्या पीएचडीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सामने पाहून एकेक प्रवेश हाताने मोजला. निष्कर्ष असा, की पक ताब्यात ठेवून केलेल्या प्रवेशातून फेकलेल्या पकपेक्षा सुमारे दुप्पट फटके निघतात. म्हणजे ज्या बचावपटूसमोर हल्लेखोर पक फेकून द्यायला मजबूर होतो, त्याने त्या क्षणी संभाव्य फटके निम्म्यावर आणले. हॉकीतलं निर्धाव षटक मला सापडलं ते इथे. टल्स्की हौसेने लिहिता लिहिता संघात नोकरीला लागला आणि २०२४ मध्ये कॅरोलिना हरिकेन्सचा महाव्यवस्थापक झाला.

भाच्याने विचारलेला 'माझा माणूस' त्याच कॅरोलिनात खेळतो. जेकब स्लेव्हिन. पॉइंटांच्या यादीत तो वर कधी दिसत नाही. २०२०-२१ मध्ये तो ५२ सामने खेळला, रोज समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक खेळाडूंविरुद्ध, आणि अख्ख्या हंगामात त्याला शिक्षा झाली फक्त २ मिनिटांची. सभ्य खेळाबद्दलची लेडी बिंग ट्रॉफी त्याला त्या वर्षी मिळाली, पुन्हा २०२४ मध्ये मिळाली. लोक ती सज्जनपणाची ट्रॉफी समजतात. मला ती कौशल्याची वाटते. बचावपटू नियम कधी मोडतो? उशीर झाला की. समोरचा निसटला, आता ओढल्याशिवाय पर्याय नाही, तेव्हा. ज्याला ओढावं लागत नाही तो वेळेआधी जागेवर पोचलेला असतो. निकलस लिड्स्ट्रॉमचंही तेच. वीस हंगाम, १५६४ सामने, शिक्षेची मिनिटं अवघी ५१४. नॉरिस सात वेळा. त्याच्या बाबतीत मतदारांना बचाव दिसला, कारण त्याच्याकडे पॉइंटही होते. स्लेव्हिनचं दुर्दैव एवढंच, की त्याचं चांगलं काम ओळखायला लागणारी खूण त्याच्याकडे नाही.

आता दुसरी बाजू, कारण भाच्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. बॉबी ऑर. १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षं नॉरिस याची. बचावपटू असून दोन वेळा सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट याचे. १९७०-७१ मध्ये त्याचे पॉइंट १३९ आणि प्लस-मायनस अधिक १२४, जो विक्रम आजही उभा आहे. प्लस-मायनस कितीही कच्चं माप असलं तरी १२४ हा आकडा संघाच्या कुबड्यांवर उभा राहत नाही. ऑर पक घेऊन निघाला की समोरच्याला हल्ला करायला पकच मिळत नसे. त्याच्यासाठी हल्ला हाच बचाव होता. 'खरा बचावपटू मागेच राहतो' असं मी पूर्वी बोलायचो. ऑरच्या जुन्या सामन्यांचे तुकडे पाहिल्यावर बोलायचं थांबवलं.

मतदारही दर वेळी पॉइंटांना भुलले असं नाही. २०१५-१६ मध्ये कार्लसनचे ८२ पॉइंट होते आणि लॉस एंजेलिसच्या ड्र्यू डाउटीचे ५१. ट्रॉफी डाउटीला गेली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. डाउटी दोन्ही टोकांना भारी होता, आणि नॉरिसच्या व्याख्येत शब्दच आहे सर्वांगीण कौशल्य. सर्वांगीण म्हणजे दोन्ही अंगं.

२०२३ च्या मतदानात मी असतो तर कार्लसनला पहिलं मत दिलं नसतं. उणे २६ मुळे नाही. मी त्याचे जे सामने पाहिले त्यांत निळ्या रेषेवर तो समोरच्याला फार जागा द्यायचा, आणि ती जागा तो पुढे जाऊन भरून काढेल या भरवशावर खेळायचा. कित्येकदा काढायचाही. त्या पडत्या संघात त्याने तसं केलं नसतं तर शार्क्सना गोल मिळाले असते कुठून, हा भाच्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण संघातला सर्वांत मौल्यवान खेळाडू आणि लीगमधला सर्वोत्तम बचावपटू हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं मी आता आकड्यानिशी बोलू शकतो.

तुम्हाला हे स्वतः पाहायचं असेल तर एक युक्ती सांगतो. पकवरून नजर काढा. एक बचावपटू निवडा आणि तो बर्फावर असेपर्यंत फक्त त्याच्याकडे पाहा. पहिले दोन-तीन दिवस काही कळणार नाही. मग दिसू लागतं, की पक त्याच्याकडे यायच्या आधी तो मान वळवून मागे कोण आहे ते बघून घेतो, आणि स्टिक कायम पासच्या वाटेत धरून ठेवतो.

हिवाळ्यात तिकडच्या संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत पहिला भाग संपत आलेला असतो. भाचा आणि मी आता एकच सामना दोन ठिकाणी बसून पाहतो. निळी रेषा त्याने एक घ्यायची, मी एक. वहीत तीन रकाने: 'घेऊन आले', 'फेकून आले', 'अडले'. सामना संपला की एकमेकांना फोटो पाठवायचे. परवा त्याने पाठवलेल्या पानावर, स्लेव्हिनच्या बाजूला, चौथा रकाना आखलेला होता: 'त्याला बघून दुसऱ्या बाजूने गेले'. तो नक्की कसा भरायचा, यावर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.